डीपीएफ किंवा युरियाचा लाईट लागला तर: बीएस-६ डिझेल गाडी कोणत्या क्रमाने तपासावी

सोलापूर बाजार समितीत कांद्याची आवक वाढली की माझ्या गॅरेजात येणाऱ्या पिकअपची तक्रार बहुतेक एकच असते: गाडी ओढत नाही, मीटरवर पिवळा लाईट लागलाय, तेवढा कोड (कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक) उडवून द्या. कोड उडवला की गाडी दोन-चार दिवस चालते आणि पुन्हा दारात उभी राहते. मग कुणी डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडकवणारी जाळी, बदलायला सांगतं, कुणी तो आतून पोकळ करून द्यायला तयार होतं. खरं तर डीपीएफ भरतो तेव्हा बिघाड बहुतेक वेळा त्याच्या आधी, इंजिनाच्या बाजूला किंवा गाडी चालवण्याच्या पद्धतीत असतो. तो शोधायच्या आधी डीपीएफला हात लावला की पैसे वाया जातात. म्हणून खालचा क्रम मोडू नका.

## आधी धुराची वाट समजून घ्या

इंजिनातून निघालेल्या धुराचा थोडा भाग ईजीआर व्हॉल्व्हमधून परत इंजिनात जातो. त्यामुळे जळण्याचं तापमान उतरतं आणि नायट्रोजनचे ऑक्साइड, म्हणजे नॉक्स, कमी तयार होतात. उरलेला धूर टर्बोतून पुढे डीओसीत, म्हणजे धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिस्टच्या डब्यात, येतो. तिथे कार्बन मोनॉक्साइड आणि न जळालेलं इंधन जळून जातं. पुढे डीपीएफ. ही सिरॅमिकची जाळी, तिची भोकं एकाआड एक बंद केलेली, त्यामुळे धुराला भिंतीतून झिरपूनच जावं लागतं आणि काजळी आत अडकते. मोठ्या ट्रकना आणि काही लहान गाड्यांना यापुढे एससीआर, म्हणजे नॉक्स कमी करणारा डबा, असतो. धुरात डीईएफ, म्हणजे आपण ज्याला नुसतं 'युरिया' म्हणतो ते, फवारलं जातं. उष्णतेने त्याचा अमोनिया होतो आणि तो नॉक्सचं नायट्रोजन आणि पाण्यात रूपांतर करतो.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे गाड्यांच्या धुराचा सरकारी नियम, आला आणि एक जुनी खूण हातातून गेली. पूर्वी इंजेक्टर बिघडला की काळा धूर दिसायचा. आता डीपीएफ तो धूर गिळतो. इंजिन आजारी असलं तरी सायलेन्सर स्वच्छ दिसतो, आणि मालकाला पहिली खबर मिळते ती मीटरवरच्या लाईटने.

तुमच्या गाडीला निळ्या झाकणाची युरियाची टाकी नसेल तर टप्पा ६ आणि ७ तुमच्यासाठी नाहीत.

## टप्पा १: कोड उडवायच्या आधीची तयारी

लाईव्ह डेटा (सेन्सरचे चालू आकडे) दाखवणारा स्कॅनर, टॉर्च, पांढऱ्या कापडाचा तुकडा, साबणाचं पाणी, डिस्टिल्ड वॉटर, हातमोजे, चष्मा आणि युरियाची गाडी असेल तर रिफ्रॅक्टोमीटर (द्रवातलं युरियाचं प्रमाण मोजायचं यंत्र) एवढं हाताशी ठेवा. नुसता कोड वाचणारा स्वस्त स्कॅनर इथे पुरत नाही.

पहिलं काम म्हणजे सगळ्या कोडचा आणि फ्रीझ फ्रेमचा मोबाईलवर फोटो काढणं. कोड आला त्या क्षणी गाडीचा वेग, आरपीएम, कूलंटचं तापमान काय होतं ते फ्रीझ फ्रेममध्ये असतं. कोड उडवला की ते सगळं जातं आणि मग आपण अंधारात चाचपडतो.

दुसरं, ड्रायव्हरला बसवून चहा द्या आणि नीट विचारा. गाडी दिवसभरात सलग किती वेळ चालते? मार्केट यार्डात किंवा कारखान्याच्या वजनकाट्यावर रांगेत इंजिन चालू ठेवून किती वेळ थांबते? ऑइल कुठलं टाकलं? युरिया कुठून घेतला? लाईट लागलेला असताना चावी बंद केली होती का? मालकापेक्षा ड्रायव्हरला जास्त माहीत असतं, पण बोलणी खावी लागतील या भीतीने तो मालकासमोर बोलत नाही. शक्यतो त्याला एकट्याला विचारा.

तिसरं, गाडी सपाट जागी उभी करून डिपस्टिक ओढा. ऑइलची पातळी वरच्या खुणेच्या वर गेली असेल आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल, तर अर्धवट राहिलेल्या रिजनरेशनमधलं, म्हणजे डीपीएफमधली काजळी जाळायच्या कामातलं, डिझेल ऑइलमध्ये उतरलंय. काजळी जाळण्यासाठी बऱ्याच गाड्या सिलिंडरमध्ये उशिरा जादा डिझेल सोडतात. रिजनरेशन पुन्हा पुन्हा तुटलं की त्यातलं काही सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये जातं.

इशारा: पातळी वर गेली असेल तर फोर्स रिजनरेशन (स्कॅनरने मुद्दाम काजळी जाळायला लावणं) करू नका. आधी ऑइल आणि फिल्टर बदला. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं, आणि वाढलेलं ऑइल इंजिनाने ओढून घेतलं तर इंजिन आपोआप रेस होऊन हाताबाहेर जाऊ शकतं.

## टप्पा २: सेन्सर खरं सांगतोय का?

डीपीएफ किती भरला याचा अंदाज कॉम्प्युटर मुख्यतः डिफरन्शियल प्रेशर सेन्सरवरून बांधतो. या सेन्सरला दोन नळ्या असतात: एक डीपीएफच्या आधीचा दाब आणते, दुसरी नंतरचा. (काही गाड्यांत एकच असते.) सेन्सरच चुकला तर पुढचं सगळं चुकणार.

चावी ऑन, इंजिन बंद. स्कॅनरवर हा दाब शून्य किंवा शून्याला चिकटून दिसायला हवा. दिसत नसेल तर सेन्सर भरकटलाय किंवा नळीत पाणी-काजळी अडकली आहे. मग इंजिन चालू करून हळूहळू रेस द्या. आकडा रेसबरोबर चढला पाहिजे आणि सोडल्यावर उतरला पाहिजे. रेस देऊनही जागचा हलला नाही तर नळ्या तपासा.

मागच्या वर्षी मोहोळकडची एक पिकअप आली होती. तिला दुसरीकडे नवा डीपीएफ बसवून झाला होता, तरी तोच कोड. शून्य बरोबर होतं, पण रेस दिल्यावर आकडा जेमतेम हलत होता. पुढची रबरी नळी बोटांनी चाचपत गेलो. क्लॅम्पच्या अगदी काठाला, वरून दिसणारच नाही अशा खालच्या अंगाला, नखाएवढी चीर होती. रेस दिली की तिथून फुस्स करून काजळीचा काळा ठिपका माझ्या हातमोज्यावर उमटत होता. सेन्सरपर्यंत दाब पोचतच नव्हता, म्हणून कॉम्प्युटरला जाळी फुटलीये असं वाटत होतं. मालकाचे डीपीएफचे पैसे गेले ते गेलेच. तेव्हापासून नळ्यांना हात लावल्याशिवाय मी डीपीएफबद्दल मत देत नाही.

नळी बदलताना उष्णता सोसणारी, कंपनीने दिलेल्या जाडीचीच घ्या. पेट्रोलची साधी नळी तिथे टिकत नाही. आणि दोन्ही नळ्या अदलाबदल होणार नाहीत याची खूण आधीच करून ठेवा.

## टप्पा ३: काजळी येते कुठून?

सेन्सर बरोबर आणि डीपीएफ खरंच भरलाय, असं दिसलं तर आता इंजिनाकडे या. बहुतेक ठिकाणी हाच टप्पा गाळला जातो.

हवा. एअर फिल्टर पाहा. आपल्याकडची उन्हाळ्यातली धूळ आणि गाळपाच्या हंगामातलं उसाच्या पाचटाचं भुसकट यामुळे तो पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरच्या कितीतरी आधी भरतो. नंतर टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतच्या आणि तिथून इंजिनापर्यंतच्या प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारून रेस द्या. बुडबुडे किंवा ऑइलचा ओलसर डाग दिसला तर हवा गळतेय. हवा कमी पडली की काजळी वाढते.

ईजीआर. व्हॉल्व्ह उघडा अडकला तर इंजिनाला ताजी हवा मिळत नाही. स्कॅनरवरून उघडझाप करून पाहा. अडकत असेल तर काढून साफ करा. साफ केल्यावर बऱ्याच गाड्यांत स्कॅनरवरून त्याची बंद जागा पुन्हा शिकवावी लागते, ते विसरू नका.

इंजेक्टर. लाईव्ह डेटात प्रत्येक सिलिंडरचं करेक्शन, म्हणजे कॉम्प्युटर त्याचं डिझेल किती कमी-जास्त करतोय तो आकडा, बघा. एकच आकडा बाकीच्यांपासून दूर पळत असेल तर तो इंजेक्टर टेस्ट बेंचवर पाठवा.

टर्बो. आउटलेट पाईप काढून आत बोट फिरवा. ऑइलचा पातळ थर चालतो, थारोळं चालत नाही. टर्बोच्या सीलमधून धुराच्या बाजूला ऑइल गेलं तर डीपीएफ ऑइलने भिजतो.

थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंट तापेपर्यंत ते रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह. यावर मी मुद्दाम जोर देतोय. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर गेला की इंजिन तापतंय म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकायची आपल्याकडे जुनी सवय आहे. बीएस-६ गाडीत ते करू नका. कूलंट ठरलेल्या तापमानाला पोचलं नाही तर कॉम्प्युटर रिजनरेशन सुरूच करत नाही, आणि डीपीएफ गुपचूप भरत राहतो. इंजिन तापत असेल तर रेडिएटरच्या जाळ्या, फॅन क्लच, वॉटर पंप बघा.

डिझेल. बीएस-६ डिझेलमध्ये गंधक १० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत दहा) जास्त नसतं. बीएस-४ मध्ये ही मर्यादा ५० होती. रस्त्याकडेला टँकरमधून मिळणाऱ्या स्वस्त 'बायोडिझेल'ला असला भरवसा नाही. जास्त गंधकाने डीओसी निकामी होत जातो, आणि डीओसी गेला की काजळी जाळायला लागणारी उष्णताच तयार होत नाही.

तपासा: यापैकी काहीच सापडलं नाही आणि गाडी दिवसभर शहरातल्या शहरात फिरते, रांगेत तासन् तास आयडलवर असते, तर कारण चालवण्यातच आहे. पुढच्या टप्प्याला जायला हरकत नाही.

## टप्पा ४: रिजनरेशन

काजळी दोन प्रकारे जळते. भरलेली गाडी हायवेला एकसारखी चालली की डीओसीतून येणारा नायट्रोजन डायऑक्साइड साधारण २५० अंशांच्या पुढे ती हळूहळू जाळत राहतो. तेवढं पुरलं नाही तर कॉम्प्युटर जादा डिझेल देऊन डीपीएफ ५५० ते ६०० अंशांपर्यंत तापवतो.

नुसता पिवळा लाईट स्थिर लागला असेल आणि गाडीची ताकद कमी झालेली नसेल, तर टाकीत पुरेसं डिझेल आहे का बघा आणि गाडी हायवेला काढा. रिझर्व्हवर असताना बऱ्याच गाड्या रिजनरेशन करत नाहीत. पुणे रस्त्याला मोहोळच्या दिशेने किंवा तुळजापूर रस्त्याला २० ते ३० मिनिटं एकसारख्या वेगाने चालवा. गिअर एक खाली ठेवून आरपीएम थोडा चढा राहू द्या. मध्येच चहाला थांबू नका.

रिजनरेशन चालू असल्याच्या खुणा ड्रायव्हरला शिकवा: आयडल आरपीएम वाढलेला, फॅन जोरात, अॅव्हरेजचा आकडा अचानक खाली, गरम धातूचा वास. या वेळी चावी बंद करायची नाही. एखाद्या दिवशी नाइलाज झाला तर चालतं, रोज झालं तर टप्पा १ मधलं ऑइल पातळ होण्याचं दुखणं सुरू होतं.

लाईट लुकलुकतोय किंवा गाडी लिंप मोडमध्ये (कॉम्प्युटरने मुद्दाम ताकद कमी केलेली) गेली असेल तर स्कॅनरने उभ्या जागी फोर्स रिजनरेशन करावं लागेल. त्यासाठी क्रम असा:

१. बाकीचे चालू कोड आधी दुरुस्त करा. ते असताना बहुधा सुरूच होणार नाही.
२. ऑइलची आणि कूलंटची पातळी पुन्हा बघा.
३. गाडी उघड्यावर, फरशीवर किंवा मोकळ्या मातीवर लावा. शेडमध्ये नको.
४. स्कॅनरवर काजळीचा आकडा बघा. कंपनीने दिलेल्या मर्यादेच्या वर असेल तर इथेच थांबा. एवढी काजळी एकदम पेटली तर आतली जाळी वितळते किंवा तडकते. अशा वेळी डीपीएफ काढूनच साफ करायचा.
५. सुरू झाल्यावर डीपीएफच्या आधीचं आणि नंतरचं तापमान बघत राहा. गाडी सोडून जाऊ नका.

इशारा: आपल्याकडे कडबा, पाचट, सुतळी-बारदान यांनी भरलेल्या गाड्या असतात आणि त्या वाळलेल्या गवतावर उभ्या राहतात. रिजनरेशनच्या वेळी सायलेन्सरच्या आसपास ज्वारीच्या कडब्याची एक पेंढी जरी लोंबत असेल तरी ती पेटू शकते. आधी माल उतरवा, गाडीखाली वाकून पाचट अडकलंय का बघा, आग विझवायचं सिलिंडर हाताशी ठेवा. शेतात किंवा खळ्यावर कधीही फोर्स रिजनरेशन करू नका.

तपासा: संपल्यावर आयडलला आणि २५०० आरपीएमला दाब पुन्हा मोजा. कंपनीच्या आकड्यात आला तर काम झालं. काजळी शून्याच्या जवळ दाखवतेय पण दाब अजून जास्तच आहे, तर आत राख साठली आहे.

## टप्पा ५: राख

काजळी जळते, राख जळत नाही. इंजिन ऑइलमधल्या कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्ताच्या घटकांची ही राख असते. कितीही रिजनरेशन केलं तरी ती जात नाही. ऑइल खाणाऱ्या इंजिनात किंवा चुकीचं ऑइल टाकलेल्या गाडीत ती लवकर भरते. मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच, कमी राखेचं ऑइल वापरा. जुन्या गाडीचं उरलेलं ऑइल नव्या गाडीत ढकलू नका.

डीपीएफ काढताना धुराची दिशा बाणाने लिहून ठेवा. राख बाहेरच्या टोकाकडून, म्हणजे उलट दिशेने, कोरड्या हवेने काढायची असते. त्यासाठी बंद यंत्र आणि भट्टी असलेली जागा शोधा. काढण्याआधी आणि नंतर वजन करायला सांगा, किती राख निघाली ते समोर दिसतं. मास्कशिवाय कुणालाही जवळ उभं राहू देऊ नका.

गाडी धुण्याच्या गनने पाणी मारणं, अॅसिड, कॉस्टिक किंवा पेट्रोल ओतणं यांतलं काहीही करू नका. पाण्याच्या माऱ्याने राख भोकांत घट्ट बसते आणि भिंती फुटतात. परत बसवताना गॅस्केट नवं, क्लॅम्प ठरलेल्या टॉर्कवर.

शेवटी स्कॅनरवरून राखेचा हिशेब रीसेट करा. पण तो खरंच साफ केल्यावरच. साफ न करता नुसता रीसेट मारला तर कॉम्प्युटर भरलेल्या डीपीएफला रिकामा समजतो, काजळीचा अंदाज चुकतो आणि जाळी जळून जाते.

## टप्पा ६: युरिया नीट आहे का?

एससीआरचे जेवढे कोड माझ्याकडे येतात, त्यांतल्या बऱ्याच कोडची सुरुवात टाकीतल्या द्रवापासून होते.

डीईएफमध्ये ३२.५ टक्के अतिशुद्ध युरिया आणि उरलेलं क्षारमुक्त पाणी असतं. शेताचा युरिया बोअरच्या पाण्यात कालवून भरणारे लोक आजही भेटतात. शेतीच्या युरियावर निंबोळी तेलाचा लेप असतो, आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार असतात. दोन्ही मिळून फवाऱ्याचं भोक बुजवतात आणि एससीआरच्या आतला थर निकामी करतात. शिवाय अनुदानाचा युरिया शेतीबाहेर वापरणं हा गुन्हा आहे.

आता सोलापूरसाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. डीईएफ उष्णतेत टिकत नाही. साधारण २५ अंशांपर्यंत ठेवला तर दीड वर्ष, ३० अंशांपर्यंत एक वर्ष, ३५ अंशांपर्यंत सहाच महिने. त्याच्या वर गेला तर वापरण्याआधी तपासूनच घ्यायचा. पत्र्याच्या शेडमध्ये मार्चपासून ठेवलेला कॅन जूनमध्ये चांगला असेलच असं समजू नका. घेताना तयार केल्याची तारीख बघा, सावलीत फरशीवर ठेवा आणि लागेल तेवढाच आणा.

तपासायची पद्धत: रिफ्रॅक्टोमीटर आधी डिस्टिल्ड पाण्याने शून्यावर आणा, मग टाकीतला एक थेंब टाका. ३१.८ ते ३३.२ च्या मधे आकडा हवा. द्रव पाण्यासारखा नितळ हवा. गढूळ दिसला, अमोनियाचा झणझणीत वास आला किंवा वर तेलाचा तवंग दिसला तर टाकी रिकामी करा. मात्र आकडा बरोबर आला म्हणून द्रव शुद्ध आहे असं नव्हे. शेताचा युरिया मापात कालवला तरी आकडा तोच येतो.

भरताना डिझेलचं नरसाळं, पितळेचं किंवा लोखंडी भांडं वापरू नका.

इशारा: चुकून डिझेलच्या टाकीत युरिया किंवा युरियाच्या टाकीत डिझेल गेलं तर चावीसुद्धा फिरवू नका. पंप चालू झाला की खर्च टाकी धुण्यापुरता राहत नाही, पंप, सील आणि इंजेक्टरपर्यंत जातो.

## टप्पा ७: एससीआर काम करत नाही असा कोड

युरिया बरोबर असेल तर पुढचा क्रम: आधी धुराची गळती, मग फवारा, मग नॉक्स सेन्सर, आणि एससीआरचा डबा सगळ्यात शेवटी. सेन्सरच्या आधी धुराच्या पाईपला गळती असेल तर बाहेरची हवा आत जाते आणि वाचन चुकतं.

फवारा काढून बघा. टोकाला पांढरा दगडासारखा थर असेल तर तो गरम डिस्टिल्ड पाण्यात भिजवून विरघळवा. तार किंवा स्क्रू ड्रायव्हर घालू नका. पाईपच्या आतही थर आहे का ते टॉर्चने बघा. धूर गार असताना, म्हणजे लांबलचक आयडलवर, हा थर जमतो. फवारा ठिबकत असेल तर तो कायम जमत राहील.

थर जमण्याचं आणखी एक कारण आपल्या ट्रकवाल्यांच्या सवयीत आहे. गाडी बंद केल्यावर पंप नळ्यांतला युरिया परत टाकीत ओढून घेतो. त्याला एक-दोन मिनिटं लागतात. चावी काढल्या काढल्या बॅटरीचा कट-ऑफ दाबला की युरिया नळीतच राहतो आणि सुकून खडा होतो. ड्रायव्हरच्या समोर एक चिठ्ठी चिकटवा: चावी बंद, दोन मिनिटं थांब, मग कट-ऑफ.

नॉक्स सेन्सर बदलायच्या आधी त्याचं कनेक्टर आणि वायर बघा, उंदीर आणि पाणी दोन्ही तिथे पोचतात. गरम सायलेन्सरवर पाणी मारून गाडी धुणं हे सेन्सर मरायचं मोठं कारण आहे. बॉडीला वेल्डिंग करायचं असेल तर बॅटरी आधी सोडा आणि मॅन्युअल सांगत असेल तर कंट्रोल युनिटचं कनेक्टरही.

डीपीएफ पोकळ करणं किंवा युरियाचा सिग्नल फसवणारं यंत्र बसवणं याबद्दल लोक मला रोज विचारतात. मी करत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे तो बेकायदा बदल आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सात रस्त्याच्या सिग्नलला त्या ट्रकच्या मागे शाळेची मुलं रिक्षात बसलेली असतात.

## टप्पा ८: गाडी सोडायच्या आधी

आता कोड पुसा, अर्धा तास भरलेली गाडी चालवून आणा आणि पुन्हा स्कॅन करा. पांढरं कापड, मी घरातल्या जुन्या सोलापुरी टॉवेलचा तुकडा ठेवतो, सायलेन्सरच्या तोंडात आतून फिरवा. गाडी गार झाल्यावरच. चांगल्या डीपीएफच्या गाडीत कापड जवळपास स्वच्छ निघतं. काळंकुट्ट निघालं तर जाळी फुटली आहे किंवा कुणीतरी आधीच काढली आहे.

पीयूसी पास झाली म्हणून निर्धास्त राहू नका. डिझेल गाडीच्या पीयूसीत धुराची घनता मोजतात, नॉक्स मोजत नाहीत. एससीआर पूर्ण बंद असलेली गाडीही पास होऊ शकते.

मालकाला एक वही करायला सांगा. रिजनरेशन झालं की किलोमीटर लिहायचे. ट्रक असेल तर डिझेल आणि युरिया दोन्ही टाकी फुल्ल करून हिशेब ठेवायचा. युरिया साधारणपणे डिझेलच्या ३ ते ६ टक्के जातो. युरिया अजिबातच कमी होत नसेल तर फवारा बंद आहे. आणि दोन रिजनरेशनमधलं अंतर कमी कमी होत चाललं असेल तर लाईट लागायची वाट न बघता गाडी घेऊन या, टप्पा ३ पासून पुन्हा बघू.